समुपदेशकाने भरायचा अर्ज

बैरसियाकडून येणारी बस भोपाळमध्ये शिरते ती करोंदला. इथे धान्याची मोठी मंडी आहे, गॅसपीडितांसाठी उभारलेलं भोपाळ मेमोरियल रुग्णालय आहे, आणि एम्सपासून निघणाऱ्या मेट्रोच्या ऑरेंज लाइनचं नियोजित दुसरं टोकही इथेच आहे. उन्हाळा लागला की या चौकात दोन गोष्टींची आवक एकदम वाढते, गव्हाची आणि बारावी झालेल्या मुलांची. गव्हासाठी मंडीत बोली लागते, मुलांसाठी फलक लागतात. फलकावर 'प्रवेश प्रारंभ' हे दोन शब्द, छातीशी फाइल धरून हसणारी एक मुलगी (ही मुलगी एकाच वर्षी चार संस्थांत शिकत असते), मागे काचेची इमारत आणि खाली मोबाइल नंबर. त्या नंबरापलीकडे जी व्यक्ती असते ती प्रवेश समुपदेशक, भोपाळच्या भाषेत 'काउंसलर मैडम' किंवा 'काउंसलर सर'. फोन लागल्यापासून पाच मिनिटांत तिला मुलाचं नाव, बापाचा धंदा, प्रवर्ग, बारावीचे टक्के, गणित की जीवशास्त्र, घरची शेती किती आणि धाकटं भावंड कितवीत, हे सगळं कळलेलं असतं. पुढे अर्जात छंदांचा रकाना येतो. त्यात मूल 'क्रिकेट, संगीत' असं लिहितं. आपल्याला मात्र तिचं फक्त पहिलं नाव कळतं, आणि पुढच्या फोनला तेही बदललेलं असतं. माझं म्हणणं एवढंच आहे की पार्श्वभूमी आणि आवडीनिवडी विचारणारा हा अर्ज आधी समुपदेशकाकडून भरून घ्यावा आणि मग मुलाकडून.

असा अर्ज खरंच भरून घेतला तर पहिला रकाना शिक्षणाचा येईल. त्यात बहुधा इंजिनिअरिंगची पदवी असेल किंवा एमबीए, आणि पुष्कळदा ती त्याच संस्थेची किंवा शेजारच्या संस्थेची असेल. 'शंभर टक्के प्लेसमेंट' हा दावा लोक उगाच खोटा समजतात. ज्याला बाहेर कोणी घेत नाही त्याला संस्थेने आपल्याच प्रवेश कक्षात खुर्ची दिली की हिशेब पुरा होतो. मग ज्याची मेकॅनिकलची पदवी घरच्या कपाटात पडून आहे तोच समोरच्या बापाला मेकॅनिकलचा 'स्कोप' समजावून सांगतो. दुसरा रकाना अनुभवाचा. तिथे मागच्या साली क्रेडिट कार्ड, त्याआधी सिमकार्ड किंवा गृहकर्ज. माल बदलला तरी बोलण्याची चाल तीच राहते, कारण सवलत त्याही वेळी आजपुरतीच होती. 'सर, बस दो सीटें बची हैं, होल्ड करवा दूँ?' मे महिन्यात दोन जागा उरलेल्या असतात आणि ऑगस्टातही दोनच. भोपाळच्या मोठ्या तलावाची पातळी पावसाप्रमाणे खालीवर होते, या दोन जागांची होत नाही. यात त्या पोराची चेष्टा करण्याचा हेतू नाही. उलट अख्ख्या इमारतीत खरी माहिती असलेला माणूस तोच आहे. ती पदवी घेतल्यावर काय होतं याचा तो चालताबोलता दाखला आहे. फक्त त्याला त्याबद्दल कोणी विचारत नाही. 'सर, आपण स्वतः काय शिकलात आणि मग या खुर्चीवर कसे आलात?' बैरसियाहून आलेल्या बापाने हा एक प्रश्न विचारला, तर माहितीपुस्तिकेच्या गुळगुळीत पानांना जे जमत नाही ते त्या उत्तराने होईल.

अमेरिकेतल्या विद्यापीठांनी हा अर्ज अर्धा का होईना भरून ठेवला आहे. तिथे प्रवेश विभागाच्या माहितीत समुपदेशकाचा हसरा फोटो असतो, त्याचं गाव असतं, तो कुठे काय शिकला ते असतं, कुठला मुलूख त्याच्याकडे सोपवलाय तेही असतं. शेवटी आवडी येतात : डोंगर चढणं, केक भाजणं, कुत्रा. कुत्र्याचं नावही देतात. ते कळून भोपाळच्या मुलाचा काय फायदा, असं कोणी म्हणेल. थोडा आहे. ज्याचं नाव, गाव आणि कुत्रा छापलेला आहे, त्याला उद्या 'मी असं बोललोच नव्हतो' म्हणणं जरा जड जातं. पण मुख्य गोष्ट पगाराची आहे. अमेरिकेच्या संसदेने १९९२ साली उच्च शिक्षणाच्या कायद्यात दुरुस्ती करून सांगितलं की ज्या संस्थांच्या विद्यार्थ्यांना सरकारी अर्थसाहाय्य मिळतं, त्यांनी प्रवेश मिळवून देणाऱ्या माणसाला प्रवेशांच्या आकड्यावर कमिशन किंवा बोनस द्यायचा नाही. २००२ मध्ये त्यात पळवाटा काढून दिल्या, आणि त्या वाटांनी एवढी वर्दळ झाली की २०१० च्या नियमांनी त्या बुजवाव्या लागल्या. म्हणजे तिथे कुत्रा जाहीर आणि कमिशन बंद. आपल्याकडे दोन्ही गुलदस्त्यात. आता खरी गंमत पुढे आहे. या बंदीतून त्याच कायद्याने एक अपवाद ठेवला, तो म्हणजे परदेशात राहणारे, सरकारी साहाय्याला पात्र नसलेले परदेशी विद्यार्थी. त्यांना गोळा करणाऱ्याला कमिशन चालतं. अमेरिकेच्या संसदेने अमेरिकेची मुलं सांभाळली आणि आपली मुलं बाजाराच्या हवाली केली. तेव्हा भोपाळच्या एमपी नगरात एखादा परदेशी शिक्षणाचा सल्लागार मोफत सल्ला देत असेल, तर 'मोफत' या शब्दाशी थोडं थांबावं. जेवणाचं बिल आपल्याकडे आलं नाही याचा अर्थ हॉटेल धर्मादाय आहे असा होत नाही.

चौकशी भलत्याच बाजूची होते, हे मध्य प्रदेशाला तरी सांगायला नको. २०१३ मध्ये व्यापमचं, म्हणजे राज्याच्या व्यावसायिक परीक्षा मंडळाचं, प्रकरण उघड झालं तेव्हा एकाच्या नावावर दुसरा परीक्षेला बसतो हे जगाला कळलं, आणि परीक्षार्थ्याला अधिक बारकाईने तपासण्याची मागणी झाली. ती रास्तच होती. पण त्या प्रकरणात मंडळाचे स्वतःचे अधिकारीही आरोपी होते, आणि त्यांचे अंगठे दारात कोणी तपासत नव्हतं. अमेरिकेत २०१९ मध्ये याचीच श्रीमंत आवृत्ती निघाली. रिक सिंगर नावाचा गृहस्थ, पूर्वी बास्केटबॉलचा प्रशिक्षक आणि नंतर महाविद्यालयीन प्रवेशाचा सल्लागार, धनिकांच्या मुलांच्या खोट्या आवडीनिवडी तयार करून देत होता. ज्या मुलाने आयुष्यात वल्हं धरलं नाही त्याला नौकानयनपटू करायचं, ज्याला पाण्याची भीती त्याचं डोकं वॉटर पोलो खेळणाऱ्याच्या धडावर बसवायचं आणि तो फोटो अर्जाला जोडायचा. पालकांनी त्याला मोजलेली रक्कम अडीच कोटी डॉलरच्या घरात होती. जानेवारी २०२३ मध्ये त्याला साडेतीन वर्षांची शिक्षा झाली. या सगळ्या कारभारात मुलांच्या आवडी खोट्या होत्या, समुपदेशकाची आवड तेवढी अस्सल होती, आणि तीच कुठल्याही रकान्यात नव्हती.

इथे एक समंजस आक्षेप येतो. सल्लागाराचा स्वार्थ आहे म्हणून सल्ला वाईटच, असं कुठे आहे? डॉक्टर फी घेतो म्हणून औषध खोटं ठरत नाही. हे मला पूर्ण मान्य आहे, आणि याचा पुरावा आपल्याच घरात आहे. गोपाळराव जोशी यांनी पत्नी आनंदीबाईंच्या शिक्षणासाठी १८७८ मध्ये कोल्हापुरातून अमेरिकेला पत्र लिहिलं. ते गेलं रॉयल वाइल्डर यांच्याकडे. हे गृहस्थ कित्येक वर्षं कोल्हापुरात मिशनरी होते आणि अमेरिकेत परतून मिशनऱ्यांचं एक मासिक चालवत होते. आजच्या भाषेत वाइल्डर हे पहिले परदेशी प्रवेश समुपदेशक, आणि त्यांचं टार्गेट ठरलेलं होतं. ख्रिस्ताला शरण या, मग मदतीचं पाहू. पण या माणसाने एक सरळपणा केला. आपला स्वार्थ त्याने लपवला नाही, सगळा पत्रव्यवहार मासिकात छापून टाकला. १८८० मध्ये न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या श्रीमती कार्पेंटर दाताच्या डॉक्टरकडे आपला नंबर येण्याची वाट पाहत बसल्या होत्या, आणि तिथे पडलेल्या त्या मासिकात त्यांनी ही पत्रं वाचली. जग बदलण्याच्या कामी दंतवैद्याच्या बाहेरच्या खोलीचा वाटा इतिहासकारांनी नीट मोजलेला नाही. कार्पेंटरबाईंनी पत्र पाठवलं, आनंदीबाईंनी उत्तर दिलं, आणि दोघींनी काही वर्षं एकमेकींच्या घरादाराची, चालीरीतींची चौकशी पत्रांतून केली. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या. १८८३ मध्ये त्या बोटीत चढल्या तेव्हा पलीकडच्या सल्लागाराची पार्श्वभूमी आणि आवडीनिवडी त्यांना तोंडपाठ होत्या. १८८६ मध्ये त्या डॉक्टर झाल्या. आता पाहा, वाइल्डर यांनी आपली अट पोटात ठेवून 'बस दो सीटें बची हैं' एवढंच कळवलं असतं, तर छापायला काही उरलं नसतं आणि कार्पेंटरबाई दात दाखवून घरी गेल्या असत्या. स्वार्थ छापला गेला म्हणूनच स्वार्थ नसलेला माणूस सापडला.

दुसरं उदाहरण बाबासाहेब आंबेडकरांचं. त्यांचे समुपदेशक होते कृष्णाजी अर्जुन केळुसकर, पेशाने शिक्षक, वृत्तीने लेखक. त्यांची आवड एकच, संध्याकाळी चर्नी रोडच्या बागेत जाऊन वाचत बसणं. त्याच बागेत एक शाळकरी मुलगा रोज पुस्तक घेऊन बसलेला दिसायचा, तेव्हा त्यांनी त्याची विचारपूस केली. मुलगा मॅट्रिक झाला तेव्हा स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र त्याच्या हाती दिलं आणि पुढे सयाजीराव महाराजांकडे शब्द टाकला. दरमहा पंचवीस रुपये मिळू लागले. मग १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठासाठी बडोदा संस्थानची शिष्यवृत्ती मिळाली, तीन वर्षांची. या व्यवहारात महाराजांचा स्वार्थ होता की नव्हता? होता, आणि तो कागदावर होता : परतल्यावर दहा वर्षं संस्थानची नोकरी करायची. विद्यार्थ्याने तो वाचला, समजून घेतला आणि सही केली. १९१७ मध्ये शब्द पाळायला ते बडोद्याला गेले तेव्हा त्या शहरात त्यांना राहायला जागा मिळाली नाही. ही बाब करारात नव्हती. लिहिलेल्या अटीने त्यांना फसवलं नाही, समाजाच्या न लिहिलेल्या अटींनी छळलं. म्हणून माझा आग्रह स्वार्थ नसण्याचा नाही. स्वार्थ असू द्या, पण तो रकान्यात लिहा.

भोपाळच्या मराठी घरांना हे तत्त्व न शिकवता येतं. १९५६ मध्ये राज्यांची पुनर्रचना झाली, जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी नागपूरहून उठून भोपाळला आली आणि तिच्या फायलींबरोबर मराठी कारकुनांचे संसारही आले. पुढे भेलच्या कारखान्याने आणखी काही आणले. या घरांत काउंसलर मैडमचा फोन आला की 'विचार करून सांगतो' असं म्हणतात आणि फोन ठेवून लगेच पुण्याच्या मामाला लावतात. मामा हाही समुपदेशकच आहे, पण त्याचा अर्ज पूर्ण भरलेला आहे. तो कुठे शिकला, किती विषय राहिले होते, नोकरी कोणाच्या ओळखीने लागली, सगळं घराला ठाऊक असतं. त्याचा स्वार्थही ठाऊक असतो. तीस वर्षांपूर्वी भोपाळ सोडून पुण्याला गेलो तो निर्णय बरोबर होता, हे त्याला भाच्यांकरवी सिद्ध करायचं आहे. त्यामुळे तो 'पुण्यालाच पाठवा' म्हणाला की बहीण त्यातून पुणे वजा करते आणि उरलेला सल्ला घेते. सल्ला सदोष असतोच, पण दोष कुठल्या बाजूला झुकलाय हे माहीत असलं की तो वापरता येतो. काउंसलर मैडमच्या सल्ल्यातून नेमकं किती वजा करायचं, हेच बैरसियाच्या बापाला कळत नाही. त्याचा मामाही बैरसियालाच असतो.

आणि तो बाप काही भोळा नाही. त्याच करोंदच्या मंडीत तो गहू विकतो तेव्हा बोली त्याच्यासमोर उघड लागते. राज्याच्या १९७२ च्या मंडी कायद्याप्रमाणे तिथल्या व्यापाऱ्याला परवाना लागतो, तोलणाऱ्याला लागतो, पोतं उचलणाऱ्या हम्मालालाही लागतो. गव्हाच्या पोत्याला हात लावणाऱ्याची ओळख सरकारदरबारी नोंदलेली आहे, पण पोराच्या चार वर्षांना हात लावणाऱ्याची नाही. विमा एजंटाचं घ्या. मराठी घरात एलआयसीवाल्या काकांची जी थट्टा होते ती अन्यायाची आहे, कारण विमा नियामकाच्या आचारसंहितेप्रमाणे गिऱ्हाइकाने विचारलं तर एजंटाला आपलं कमिशन सांगावं लागतं. विचारत कोणी नाही, कारण काका जेवायला थांबलेले असतात. पण विचारता येतं. सेबीने २०१३ मध्ये गुंतवणूक सल्लागारांसाठी नियम केले त्यात आपले हितसंबंध उघड करणं आलं. जानेवारी २०२४ मध्ये केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाने शिकवणी वर्गांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांत शिकवणाऱ्यांची पात्रता जाहीर करायला सांगितलं. म्हणजे महिन्याला काही हजारांची एसआयपी सुचवणारा उघडा, भौतिकशास्त्र शिकवणारा उघडा, आणि वडिलांच्या भविष्यनिर्वाह निधीला हात घालायला लावणारा मात्र एक पहिलं नाव आणि मागे वाजणारी धून.

दुसरा आक्षेप अधिक हळवा आहे आणि म्हणून जास्त ऐकण्यासारखा. हे समुपदेशक कोण, तर पंचविशीतली पोरं. फेब्रुवारीत ठेवतात, प्रवेश संपले की काढतात. डोक्यावर महिन्याचा आकडा. सकाळी यादी हातात, संध्याकाळी साहेबांपुढे उजळणी. त्यांना आणखी कशाला पिंजऱ्यात उभं करायचं? खरं आहे, आणि म्हणूनच अर्जाचा शेवटचा रकाना त्यांनी भरायचा नाही, त्यांच्या मालकाने भरायचा : या व्यक्तीला दर प्रवेशामागे काय मिळतं आणि आकडा न गाठल्यास काय होतं. हा रकाना छापला गेला तर सुटका पहिल्यांदा त्या पोराचीच होईल. ज्याची नोकरी समोरच्याच्या 'हो' वर टांगलेली आहे त्याला 'तुमच्या मुलाला हा विषय झेपणार नाही, आयटीआय बघा' असं म्हणण्याची मुभा नसते. त्याला मनातून ते कळत असतं, कारण चार वर्षांपूर्वी कोणी त्याला हे सांगितलं असतं तर आज तो इथे नसता. काही जण दबक्या आवाजात सांगतातही, दुपारी साहेब जेवायला गेले की. अशांच्या बाजूने नियम नसावा, याचं मला नवल वाटतं.

नियमच नाहीत असं मात्र नाही. खासगी विद्यापीठांसाठी मध्य प्रदेशात २००७ चा कायदा आहे, त्याखाली नियामक आयोग आहे, आणि आयोगाचं कार्यालय भोपाळमध्येच आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये काढलेली अधिसूचना तर समुपदेशकाला पाठ असायला हवी, आणि बहुधा असतेही, कारण तिच्यातला एकही मुद्दा बोलण्यात चुकूनसुद्धा येत नाही. प्रवेशाच्या जाहीर केलेल्या शेवटच्या तारखेआधी पंधरा किंवा जास्त दिवस प्रवेश रद्द केला तर पूर्ण शुल्क परत करायचं, फार तर पाच टक्के आणि तेही कमाल पाच हजार रुपये कापून. पंधरापेक्षा कमी दिवस उरले असतील तर नव्वद टक्के. तारीख उलटून पंधरा दिवसांत ऐंशी, तिसाव्या दिवसापर्यंत पन्नास, त्यानंतर काही नाही. 'फीस नॉन-रिफंडेबल है सर' हे वाक्य या तक्त्यात कुठे बसतं ते मला दिसलेलं नाही. माहितीपुस्तिका विकत घेण्याची सक्तीही करता येत नाही. तेव्हा यंदा करोंदच्या चौकात उतरून कोणी त्या फलकाखालच्या नंबरला फोन लावणार असेल, तर छंद सांगण्याआधी समोरच्याला तीन गोष्टी विचाराव्यात : आपण काय शिकलात, आपल्याला यातून काय मिळतं, आणि शुल्कपरतीचा तक्ता लेखी देता का. तिसऱ्या प्रश्नाला फोन बहुधा कट होईल. न झाला तर जरूर जावं, पण दहावी-बारावीच्या मूळ गुणपत्रिका टेबलावर सोडून येऊ नयेत. त्याच अधिसूचनेप्रमाणे मूळ कागद तपासून लगेच परत द्यायचे असतात, आणि संस्थेने ठेवायच्या त्या फक्त स्वाक्षरी केलेल्या छायाप्रती.